तिघांसाठी की बावीसशे जणांसाठी?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. सिन्नर तालुक्यातल्या एका कला-वाणिज्य महाविद्यालयात शिकवणाऱ्या मॅडमकडे यंदा समान संधी कक्षाचं काम आलंय. कॉलेजात बावीसशे मुलं, त्यांत प्रमाणपत्र असलेले दिव्यांग विद्यार्थी तीन. प्राचार्यांनी दीड लाख मंजूर केलेत. पुरवठादाराने पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर सुचवलंय, परवाना एकाच संगणकापुरता, आणि त्यातच बहुतेक पैसे संपतात. एक सहकारी म्हणतात, असली साधनं सगळ्याच मुलांना खुली करा. दुसरे म्हणतात, मग मुलं वाचायचीच बंद होतील, वर परीक्षेत गोंधळ होईल. मॅडम विचारतात: काय घेऊ, आणि कोणासाठी घेऊ?

मॅडम, मी नाशिकमध्ये एका कॉलेजात १९ वर्षं ग्रंथपाल आहे आणि हा कक्ष माझ्याच गळ्यात आहे. तुमच्या दोन प्रश्नांपैकी दुसरा आधी घेऊ, कारण तो सुटला की पहिला निम्मा सुटतो. माझं उत्तर: सगळ्यांसाठी. सॉफ्टवेअरवर बहुधा एक रुपयाही न घालता. दीड लाख दुसरीकडे लागणार आहेत, ते पुढे सांगतो. काही गोष्टी मात्र सगळ्यांना देता येत नाहीत आणि देऊही नयेत. तेही सांगतो.

आमची चूक आधी ऐका. आम्हीही सुरुवातीला असंच एक महागडं सॉफ्टवेअर घेतलं होतं. ते एका पेनड्राइव्हसारख्या किल्लीवर चालायचं. किल्ली हरवू नये म्हणून ती ऑफिसातल्या कपाटात, कपाटाची चावी हेडक्लार्ककडे, आणि हेडक्लार्क दुपारी बँकेत. संगणक ठेवला होता एका वेगळ्या खोलीत आणि दारावर पाटी, ‘दिव्यांग कक्ष’. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येऊन गेली, फोटो निघाले. वर्षभरात त्या खोलीत किती मुलं आली ते सांगायला मला लाज वाटते. पुढे त्या संगणकाची हार्ड डिस्क गेली आणि परवानाही तिच्याबरोबर गेला.

तेव्हा मला वाटलं, आपल्याकडे गरजच नाही. गरज होती, फक्त ती त्या पाटीखालून आत यायला तयार नव्हती. एक मुलगी आठवते. लायब्ररीतल्या संगणकांपैकी कायम कोपऱ्यातला शेवटचा धरायची आणि नाक पडद्याला टेकेल इतकी वाकून वाचायची. विचारलं की म्हणायची, “सर, चष्म्याचा नंबर बदललाय.” तीन वर्षं तिच्या चष्म्याचा नंबर बदलतच होता. वर्गातल्या फळ्याचा मोबाइलवर फोटो काढून, तो बोटांनी मोठा करून ती टिपणं उतरवायची. प्रमाणपत्र काढलं नव्हतं आणि काढणारही नव्हती, कारण घरच्यांचं म्हणणं, उद्या हिचं लग्न जमवायचंय.

म्हणून तुमच्या ‘तीन’ या आकड्यावर फार विसंबू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते सात होते, आणि वाचन-लेखनातली अडचण, म्हणजे अध्ययन अक्षमता, त्यांत धरलेलीच नव्हती. आताच्या कायद्यात ती आहे, पण आरक्षणासारख्या लाभांना ४० टक्क्यांची अट आहे. ज्याला ३० टक्के अडचण आहे त्यालाही फळा दिसत नाहीच. शिवाय प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढायचं तर ऑनलाइन अर्ज, जिल्हा रुग्णालयाच्या खेपा, तपासणीची तारीख. ठाणगावच्या किंवा पेठच्या पोरासोबत बाप आला की त्या दिवसाची मजुरी बुडते. तुमच्या यादीत तीन नावं आहेत ती प्रमाणपत्र काढायची सोय झालेल्यांची. अडचण असलेले त्याहून जास्त निघतील.

मग आम्ही काय केलं? एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी तो सुरू केला, मुक्त स्रोत आहे, कितीही संगणकांवर टाका. त्यातल्या ई-स्पीक आवाजात मराठीही आहे. आवाज यंत्रासारखा आहे हे खरं. नवख्याला तो ऐकवत नाही, आणि सरावलेला विद्यार्थी मात्र तो इतक्या वेगाने लावतो की शेजारी बसून आपल्याला एक शब्द कळत नाही. हा आम्ही लॅबमधल्या आणि लायब्ररीतल्या प्रत्येक संगणकावर टाकला. बाकीचं विंडोजमध्ये आधीपासून असतं. विंडोजचं बटण आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की भिंग उघडतं. एज ब्राउझरमध्ये ‘रीड अलाऊड’ आहे, त्यात मराठी आवाज चांगले आहेत, त्यांना इंटरनेट मात्र लागतं.

आणि मग, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, हे आम्ही सगळ्यांना दाखवलं. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक तुकडीला वीस मिनिटं, ग्रंथालय परिचयाच्या तासातच. ‘दिव्यांग’ हा शब्द न उच्चारता. भिंग दाखवलं तेव्हा अख्खी लॅब दंगा करायला लागली, कोणी मित्राचा फोटो मोठा करतंय, कोणी रंग उलटे करून बसलंय. त्याच दंग्यात त्या कोपऱ्यातल्या मुलीसारख्या दोघीतिघी सरळ बसून वाचायला लागल्या, कोणाच्या लक्षातही न येता. सगळ्यांना का द्यायचं याचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे.

बाकीच्या मुलांचं काय होतं, तेही पाहा. सुरगाण्याचा एक मुलगा बी.कॉम.ला होता. घरी कोकणा बोली, आश्रमशाळेत मराठी, आणि इथे हिशेबाच्या नोट्स इंग्रजीत. वर्षभर तो एक शब्द ‘डेप्रेसियाशन’ असा मनात वाचत होता. वर्गात सर ‘डिप्रीसिएशन’ म्हणायचे, आणि हा तोच शब्द आहे हे त्याला कळलंच नव्हतं. रीड अलाऊडचा वेग कमी करून लावला, वाचला जाणारा शब्द पडद्यावर रंगत गेला, आणि तो एकदम हसला. त्याला कुठलंही अपंगत्व नव्हतं. दुसरा अंबड एमआयडीसीत रात्रपाळी करायचा. तो सिटीलिंकच्या बसमध्ये कानात बोंडं घालून नोट्स ऐकत यायचा. आणि तुमच्याकडे मुक्त विद्यापीठाचं अभ्यास केंद्र असेल तर रविवारी येणाऱ्या चाळिशीतल्या बायका पाहा. त्यांच्या चाळिशीचा चष्मा बऱ्याचदा घरी राहिलेला असतो.

आता खरी मेख. एवढं सगळं टाकल्यावर आमचा पहिला पूर्ण अंध विद्यार्थी आला, त्याने हेडफोन लावला, राज्यशास्त्राच्या नोट्सची फाइल उघडली आणि मला हाक मारली. “सर, हे काय बोलतंय?” मी ऐकलं. एनव्हीडीए इंग्रजी अक्षरं, डॉलर, अवतरण चिन्हं, कंस असलं काहीतरी एकामागून एक वाचत होता. पडद्यावर तर स्वच्छ मराठी दिसत होतं! नोट्स युनिकोडच्या, म्हणजे अक्षरं साठवायच्या आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये होत्या. त्या फॉन्टमध्ये ‘म’ दिसतो, पण आत साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर, आणि यंत्र दिसतं ते वाचत नाही, साठवलेलं वाचतं. आम्ही आधी हसलो. तो हसला नाही, कारण चाचणी तीन दिवसांवर होती.

म्हणून मॅडम, काहीही खरेदी करण्याआधी एक काम करा. प्रत्येक विभागातून मराठी नोट्सची एक फाइल मागवा आणि त्यातला परिच्छेद मोबाइलवर व्हॉट्सॲपमध्ये चिकटवून पाहा. मराठी दिसलं तर युनिकोड आहे. अगम्य चिन्हं दिसली तर जुना फॉन्ट आहे. सिन्नरला काय किंवा नाशिकला काय, ज्या सरांनी वीस-तीस वर्षं डीटीपीवाल्याकडून नोट्स करून घेतल्यात त्यांच्याकडे हमखास दुसरा प्रकार निघतो. बदलून देणारी साधनं आहेत, पण ती चुका करतात. रफार भलत्याच जागी जाऊन बसतो, ‘अर्थशास्त्र’चं ‘अथर्शास्त्र’ होतं, वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत राष्ट्रीय सेवा योजनेची दहा-बारा मुलं बसवली, प्रत्येकाला एकेक प्रकरण दिलं, यंत्राने बदललेलं मूळ छापील प्रतीशी ताडून पाहायला सांगितलं. चहा-वडापावाचा खर्च तेवढा झाला. या कामाचा फायदाही आमच्या सगळ्याच मुलांना झाला, कारण त्या नोट्स पहिल्यांदाच मोबाइलवर शोधता यायला लागल्या.

दुसरा अडथळा म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून फिरणाऱ्या पीडीएफ. मोबाइलने काढलेले पानांचे फोटो, वाकडे, अंगठ्यासकट. त्यांत अक्षरं नसतात, चित्र असतं. छापील मराठी असेल तर ती फाइल गूगल ड्राइव्हमध्ये टाकून गूगल डॉक्समध्ये उघडली की बऱ्यापैकी मजकूर हाती येतो. हस्ताक्षराचं मात्र विचारू नका. हिशेबाची खतावणी आणि गणिताची समीकरणं फोटो म्हणून चिकटवलेली असतील तर तिथेही यंत्र मुकं होतं. ती वर्डमध्ये खऱ्या तक्त्यात, खऱ्या समीकरणाच्या खिडकीत टाईप करावी लागतात.

लॅबमधल्या बारीक गोष्टी सांगतो, कारण याच पायी सगळं बंद पडतं. लॅबमध्ये संगणक बंद केला की आधीच्या स्थितीला जाणारी व्यवस्था असेल, तर आज टाकलेला एनव्हीडीए उद्या सकाळी गायब. ती व्यवस्था उठवून, टाकून, पुन्हा लावायला लॅब असिस्टंटला सांगा. बऱ्याच लॅबमध्ये आवाज मुद्दाम बंद केलेला असतो, मुलं गाणी ऐकतात म्हणून. हेडफोनचं भोक मागच्या बाजूला असतं आणि टेबल भिंतीला चिकटवलेलं. आमच्याकडे एका अंध मुलाने वीस मिनिटं त्या भोकासाठी चाचपण्यात घालवली, तेव्हापासून प्रत्येक संगणकाला एक छोटी जोडवायर पुढे काढून चिकटपट्टीने बसवली आहे. बिनवायरचे हेडफोन, ब्लूटूथ वगैरे घेऊ नका. ते चार्जिंगला लावायला कोणी नसतं.

बहुतेक मुलांचा खरा संगणक म्हणजे मोबाइल. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक नावाचा स्क्रीन रीडर असतो, निवडलेला मजकूर वाचणारं ‘सिलेक्ट टू स्पीक’ असतं, गूगलचा मराठी आवाज आधीच उतरवून ठेवला की रेंज नसतानाही चालतो. सुरगाणा-पेठकडच्या मुलांना तो कॉलेजच्या वायफायवर उतरवून द्या. बोलून मराठी लिहायची सोय जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर आणि गूगल डॉक्समध्ये आहे. ज्याचा हात लिहिताना आखडतो त्याच्यासाठी ती वरदान आहे, आणि ज्याला टायपिंगचा कंटाळा त्यालाही चालते. एक सावधगिरी: पहिल्या दिवशी टॉकबॅक सुरू करून बघायला सांगू नका. स्पर्शाच्या खुणाच बदलतात, तो बंद कसा करायचा ते कोणाला कळत नाही आणि वर्गात एकच हलकल्लोळ होतो. आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरली की तो सहसा चालू-बंद होतो, हे आधी सांगा.

आता जिथे ‘सगळ्यांना’ चालत नाही त्या जागा.

पहिली म्हणजे पुस्तकं. लायब्ररीने क्रमिक पुस्तक स्कॅन करून, ऐकता येईल असं करून सगळ्या मुलांच्या ग्रुपवर टाकलं, तर ती सरळ कॉपीराइटची मोडतोड. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात सूट आली आहे, पण ती दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून केलेल्या प्रतीपुरती, नफा न घेता. त्यानंतर २०१४ मध्ये मराकेश करार, म्हणजे अंधांना पुस्तकं मिळणं सोपं करणारा आंतरराष्ट्रीय करार, मान्य करणारा भारत पहिला देश ठरला, आणि २०१६ मध्ये सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. तिथलं सदस्यत्व छापील अक्षर वाचता न येणाऱ्यांसाठीच आहे. तुमच्या तिघांपैकी ज्यांना लागू होतं त्यांची नावनोंदणी याच महिन्यात करा. बाकीच्यांसाठी शिक्षकांनी स्वतः लिहिलेल्या नोट्स, आणि लायब्ररीतलं छापील पुस्तक. थोडक्यात, साधन सगळ्यांना द्या, पुस्तकाची स्कॅन प्रत फक्त ज्याचा हक्क आहे त्याला.

दुसरी जागा परीक्षा. तुमच्या सहकाऱ्यांची भीती इथे आहे, आणि ती वेगळी ठेवली की मिटते. वर्षभर अभ्यासाला जे वापरायचं ते परीक्षेच्या खोलीत आपोआप येत नाही. तिथे लेखनिक, जादा वेळ, संगणकावर उत्तर लिहिण्याची परवानगी हे सगळं त्या-त्या विद्यार्थ्याचा अर्ज पाहून विद्यापीठ ठरवतं. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ धरलेला होता. आणि ४० टक्क्यांची अट इथे शेवटचा शब्द नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला केवळ ती अट पूर्ण होत नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर २०२२ मध्ये ४० टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. कागद लवकर हलवा. परीक्षेच्या आठवड्यात लेखनिक शोधत फिरणं काय असतं ते मी भोगलंय.

तिसरी जागा कर्णबधिर विद्यार्थी. लाइव्ह ट्रान्सक्राइबसारखं ॲप तासाला चालू करून मोबाइल सरांच्या टेबलावर ठेवला की बोललेलं अक्षरांत दिसतं, पहिल्या बाकावर बसलेल्या, ऐकू कमी येणाऱ्याला ते पुष्कळ होतं. पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाची पहिली भाषा बऱ्याचदा खुणांची असते, आणि लिखित मराठी त्याच्यासाठी दुसरी. त्याला दुभाषा लागतो, ॲप देऊन भागत नाही. ब्रेल वाचणाऱ्याचंही तसंच. अशा एकेका मुलाच्या गरजेसाठी पैसे राखून ठेवा. ‘आम्ही तर सगळ्यांनाच दिलंय’ असं म्हणून त्याच्या तोंडाला पानं पुसू नका. हा धोका खरा आहे, मी एका सभेत हे वाक्य जसंच्या तसं ऐकलंय.

ऐकून वाचायची सवय मोडेल का? माझा अनुभव मिश्र आहे. नुसतं कानाने ऐकणाऱ्याचं मन भटकतं, विशेषतः बसमध्ये. अंध मुलं वेगळी, त्यांचा कान तयार असतो. बाकीच्यांना मी सांगतो की ऐकताना डोळे ओळीवर ठेवा. असं करणारी मुलं पुढे पुस्तक मागायला जास्त आलेली मी पाहिली आहेत. अर्थात लायब्ररीत येणारीच मुलं मला दिसतात, तेव्हा यावरून मोठा निष्कर्ष काढू नका. आणि जो वाचतच नव्हता त्याची कुठली सवय मोडणार?

पैशांचं बोलू. सॉफ्टवेअरचा प्रस्ताव परत करा, किंवा निदान तुमच्या तिघांना शेजारी बसवून एनव्हीडीएवर काम करू द्या आणि मग ठरवा. एखाद्याला खरंच ते महागडंच लागतं, आधीपासून त्यावर हात बसलेला असेल तर. तसं नसेल तर पैसे वायरच्या हेडफोनवर घाला, एका चांगल्या स्कॅनरवर घाला, आणि निम्मे माणसावर. कमवा-शिका योजनेतून दोन मुलं नेमा, ती नोट्स युनिकोडमध्ये आणतील आणि लॅबमध्ये नवख्यांच्या शेजारी बसतील. लॅब असिस्टंटला शिकायचं असेल तर सातपूरला नॅब महाराष्ट्र या अंधांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे विचारा. स्वतः डोळे मिटून, माउस बाजूला ठेवून त्याने एक तास काम केलं की पुढे त्याला सांगावं लागत नाही. आमच्या असिस्टंटने त्याच संध्याकाळी सगळ्या फोल्डरांची नावं बदलली. ‘न्यू फोल्डर ७’ असं यंत्र सात वेळा ओरडल्यावर त्याला कळलं.

आणि वापरणाऱ्यांचं रजिस्टर ठेवू नका. आमच्या रजिस्टरात ‘दिव्यांगत्वाचा प्रकार’ असा रकाना होता. तो काढला. नॅकला आकडे लागतात हे मला ठाऊक आहे. हेडफोन किती वेळा दिले गेले ते मोजा, कोणी नेले ते नको. सॉफ्टवेअर, स्कॅनर, सुगम वेबसाइट हे सगळं तसंही त्यांच्या नमुन्यात बसतं.

तुमच्या कॉलेजचं सगळं मला माहीत नाही. लॅबमधली विंडोज किती जुनी आहे, वायफाय वर्गापर्यंत पोहोचतं का, प्राचार्य पुढच्या वर्षीही हेच असतील का, यावर बरंच अवलंबून आहे. म्हणून सगळं एकदम करू नका. आधी लायब्ररीतले पाच संगणक, एक तुकडी, एका विभागाच्या नोट्स. मराठी विभागापासून सुरुवात केलीत तर फॉन्टचा घोळ पहिल्याच आठवड्यात वर येईल.

नाशिकला येणं झालं तर शनिवारी दुपारी या, लायब्ररीत गर्दी नसते. येताना तुमच्या सरांच्या नोट्स पेनड्राइव्हमध्ये आणा. कुठला फॉन्ट आहे ते बघू, आणि रफार कुठे कुठे पळतोय तेही.